हिरा थरथरतो कसा? रामन आणि बॉर्न यांच्या वादाची कथा

दरवर्षी 28 फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. शाळाशाळांतून प्रदर्शने भरतात, सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या तसबिरीला हार घातला जातो आणि 1928 साली कोलकात्यात त्यांनी लावलेल्या शोधाची माहिती मुलांना सांगितली जाते. ते योग्यच आहे. मात्र याच रामन यांनी उत्तरायुष्यातील बरीच वर्षे एका निराळ्या प्रश्नावर हिरिरीने वाद घातला आणि त्या वादात ते चुकीच्या बाजूला होते, ही हकीकत व्यासपीठावरून सहसा कोणी सांगत नाही. ती सांगायला हवी. कारण घन पदार्थांविषयीचे आजचे आपले बरेचसे ज्ञान ज्या कल्पनेवर उभे आहे, ती कल्पना या वादातून जितकी स्वच्छ समजते तितकी पाठ्यपुस्तकातील समीकरणांतून समजत नाही.

प्रश्न वरकरणी साधा होता. स्फटिकातील अणू जागच्या जागी सतत थरथरत असतात. ही थरथर नेमकी कोणत्या प्रकारची असते? मॅक्स बॉर्न यांचे म्हणणे असे, की स्फटिकात असंख्य लाटा एकाच वेळी धावत असतात आणि त्यांच्या वारंवारतांची एक अखंड श्रेणी असते. रामन यांचे म्हणणे असे, की हिऱ्यासारख्या स्फटिकात फक्त आठ ठरावीक वारंवारता असतात.

वादाकडे वळण्यापूर्वी मिठाचा एक खडा डोळ्यांसमोर आणू. मिठागरातील उन्हात तयार झालेला, एका बाजूने जेमतेम 0.3 मिलिमीटर भरणारा घनाकृती कण. त्यात सोडियम आणि क्लोरीन यांचे अणू एकाआड एक, तिन्ही दिशांना, ओळीने रचलेले असतात. दोन शेजाऱ्यांमधील अंतर 2.82 अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाच्या तिपटीहून थोडे कमी. कणाच्या एका कडेवर दहा लाखांहून अधिक अणू बसतात. संपूर्ण कणात एकावर अठरा शून्ये इतके. अणूंच्या या नियमित मांडणीला जालक असे नाव आहे. जालकातील कोणताही अणू मोकळा नाही. प्रत्येकाला शेजाऱ्यांच्या बलांनी जखडलेले आहे आणि तो जरा सरकला की शेजाऱ्यांना ओढतो किंवा ढकलतो. अशा गर्दीत एकेका अणूची हालचाल मांडायला बसले तर आयुष्य पुरणार नाही.

तरीही आरंभी शास्त्रज्ञांनी अणूंचा विचार सुटा सुटाच केला. 1819 साली ड्यूलाँ आणि पेटी या फ्रेंच शास्त्रज्ञांना असे आढळले होते, की घनरूप मूलद्रव्याचे ठरावीक संख्येइतके अणू घेतले, तर त्यांचे तापमान एक अंशाने वाढवायला लागणारी उष्णता सर्वत्र जवळपास सारखीच असते. आजच्या परिमाणात ती एका मोलला सुमारे 25 ज्यूल येते. शिसे, तांबे, चांदी ही सर्व मंडळी हा नियम पाळतात. हिरा मात्र पाळत नाही. सामान्य तापमानाला हिऱ्याला त्याच्या चौथ्या हिश्शाइतकीच उष्णता पुरते. हाइनरिख वेबर यांनी 1870 च्या दशकात हिऱ्याची मोजमापे केली आणि तापमान वाढवत नेले की हिराही हळूहळू नियमाच्या जवळ येतो, हे दाखवले. हेच वेबर पुढे झ्युरिकला आइनस्टाइन यांचे प्राध्यापक होते. गुरुशिष्यांचे फारसे पटले नाही, पण गुरूची आकडेवारी शिष्याच्या उपयोगी पडली.

1907 साली आइनस्टाइन यांनी पुंज सिद्धांताची कल्पना घन पदार्थांना लावली. कंप पावणारा अणू हवी तितकी ऊर्जा घेऊ शकत नाही. ती ठरावीक आकाराच्या पुड्यांतच घेता येते, आणि वारंवारता जितकी मोठी तितकी पुडी मोठी. हिऱ्यातील कार्बनचे अणू हलके आणि त्यांचे बंध अतिशय ताठ. म्हणून वारंवारता मोठी, पुडी मोठी. सामान्य तापमानाच्या उष्णतेला ती परवडत नाही आणि बहुतेक कंपने निजलेलीच राहतात. हा विचार मूलगामी होता. पण आइनस्टाइन यांनी सोयीसाठी असे धरले होते, की प्रत्येक अणू स्वतंत्रपणे आणि एकाच वारंवारतेने थरथरतो. वाल्टर नेर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळेत पदार्थ अतिशय थंड करून मोजमापे झाली, तेव्हा विशिष्ट उष्णता आइनस्टाइन यांच्या सूत्राइतक्या झपाट्याने शून्याकडे घसरत नसल्याचे दिसले. कमी तापमानातही कोणती तरी मंद कंपने जागी असली पाहिजेत, असा त्याचा अर्थ होता.

ती मंद कंपने कोणती, याचे उत्तर 1912 साली दोन ठिकाणांहून आले. पीटर डिबाय यांनी घन पदार्थ सलग मानून त्यातील ध्वनिलहरी मोजल्या आणि अत्यंत कमी तापमानाला विशिष्ट उष्णता तापमानाच्या घनाच्या प्रमाणात घटते, हा नियम काढला. मॅक्स बॉर्न आणि थिओडोर फॉन कार्मान यांनी अधिक अवघड वाट धरली. त्यांनी स्फटिक सलग मानला नाही. अणूंचे जालक जसे आहे तसे घेतले. फॉन लावे यांच्या सूचनेवरून क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकांतील जालकाचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला, तोही त्याच वर्षी.

बॉर्न आणि फॉन कार्मान यांची युक्ती समजण्यासाठी मणी ओवलेली एक ताणलेली तार कल्पावी. तारेवर एकच मणी असेल तर तो एकाच प्रकारे वरखाली हलेल. दोन मणी असतील तर दोन प्रकार संभवतात: दोन्ही मणी एकदम वर आणि एकदम खाली, किंवा एक वर तर दुसरा खाली. दुसऱ्या प्रकारात मधली तार अधिक ताणली जाते, म्हणून त्याची वारंवारता अधिक. मणी कसेही हलवून सोडले, तरी त्यांची वेडीवाकडी हालचाल म्हणजे या दोन स्वच्छ प्रकारांचे कमीअधिक मिश्रण असते. तीन मण्यांना तीन प्रकार, शंभर मण्यांना शंभर. तंबोऱ्याची तार छेडली की षड्जासोबत अनेक स्वर ऐकू येतात, ते याच न्यायाने. फरक इतकाच, की सलग तारेच्या स्वरांना वरची सीमा नसते. मोजक्या मण्यांच्या तारेला ती असते.

आता मणी दहा लाख करा. प्रकारही दहा लाख होतील. ते शोधणार कसे? येथे मांडणीची नियमितता कामी येते. सर्व मणी एकसारखे आणि सारख्या अंतरावर असल्यामुळे हे प्रकार दुसऱ्या कशाचे नव्हे, तर लाटांचेच निघतात. प्रत्येक मणी आपल्या शेजाऱ्याचीच हालचाल करतो, फक्त ठरावीक विलंबाने. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या असलेल्या माणसांच्या रांगेत एकाला धक्का बसला की तो पुढे पुढे सरकत जातो, तसे हे आहे. अणूंच्या कंपनांचा अफाट गुंता अशा रीतीने एका साध्या प्रश्नावर येऊन ठेपतो: अमुक तरंगलांबीच्या लाटेची वारंवारता किती? स्फटिकाच्या कंपनांविषयी जे काही सांगायचे, त्याचा मोठा भाग या दोहोंचा संबंध दाखवणाऱ्या एका वक्ररेषेत सामावतो.

ती वक्ररेषा कशी असते? तरंगलांबी अणूंमधील अंतराच्या मानाने फार मोठी असेल, तर अणूंचे सुटेपण लाटेला जाणवतच नाही. ही आपली नेहमीची ध्वनिलहर. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. हिऱ्यात सुमारे 18 किलोमीटर. तरंगलांबी कमी करत नेली की वारंवारता वाढते, पण वाढीचा वेग मंदावतो. शेवटी अशी अवस्था येते की प्रत्येक अणू आपल्या शेजाऱ्याच्या बरोबर उलट हलतो. येथे तरंगलांबी शेजाऱ्यांमधील अंतराच्या दुप्पट झालेली असते. त्याहून आखूड लाट कागदावर काढता येईल, पण तिचे नागमोडी वळण दाखवायला दोन अणूंच्या मध्ये कोणी नाही; अणूंच्या जागांवरून पाहिले तर ती कोणत्या तरी लांब लाटेसारखीच दिसेल. म्हणून जालकातील लाटांना लांबीची एक खालची मर्यादा असते. या सीमेजवळ वक्ररेषा सहसा आडवी होत जाते: तरंगलांबी बदलत राहते, वारंवारता मात्र जवळपास स्थिर राहते. वाचकांनी ही आडवी जागा लक्षात ठेवावी. रामन यांच्या हकीकतीत ती पुन्हा भेटणार आहे.

मिठात दोन जातींचे अणू असल्यामुळे लाटांच्या आणखी एका कुळाची भर पडते. पहिल्या कुळात सोडियम आणि क्लोरीन बरोबरीने झुलतात. दुसऱ्यात ते एकमेकांच्या विरुद्ध सरकतात. दोघांवरील विद्युतभार विरुद्ध असल्याने या दुसऱ्या प्रकारच्या कंपनाला प्रकाश थेट हलवू शकतो. मात्र तो डोळ्यांना दिसणारा प्रकाश नव्हे. सुमारे 60 मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश. त्याच्या आसपासचे किरण मिठाचा स्फटिक जोरदारपणे परावर्तित करतो. बर्लिनमध्ये हाइनरिख रुबेन्स यांनी खनिज मिठाच्या या गुणाचा उपयोग करून दीर्घ तरंगलांबीचे किरण वेगळे काढले, आणि त्यांच्या मोजमापांमुळेच 1900 च्या ऑक्टोबरात माक्स प्लांक यांना आपले प्रारणाचे सूत्र सुचले. पुंज सिद्धांताच्या जन्माला मिठाच्या थरथरीचाही हातभार लागला, असे म्हणायला हरकत नाही.

हिऱ्यात सगळे अणू कार्बनचेच, पण जालकाच्या प्रत्येक पुनरावृत्त घटकात ते दोन असतात. त्यामुळे तेथेही लाटांची दोन कुळे आहेत. दोन्ही कार्बन एकमेकांविरुद्ध थरथरतात त्या कंपनाची वारंवारता सेकंदाला सुमारे 40 लाख कोटी इतकी प्रचंड आहे. त्यावर विद्युतभार नसल्याने अवरक्त प्रकाश त्याला थेट हलवू शकत नाही, पण रामन परिणामात ते ठळकपणे दिसते. हिऱ्यावर एकरंगी प्रकाश टाकला की विखुरलेल्या प्रकाशात मूळ रेषेपासून ठरावीक अंतरावर एक तीक्ष्ण रेषा उमटते. आजही एखादा खडा खरा हिरा आहे का, हे प्रयोगशाळेत याच रेषेवरून ओळखतात.

लाटांची ही भाषा स्वीकारली की आइनस्टाइन यांची पुडीही लाटेच्या वाट्याला जाते. ऊर्जा अणूला मिळत नाही, लाटेला मिळते; आणि लाटेच्या ऊर्जेच्या एका पुडीला फोनॉन म्हणतात. ग्रीक भाषेतील ध्वनी या अर्थाच्या शब्दावरून 1930 च्या दशकात रशियन भौतिकशास्त्रज्ञांनी हे नाव रूढ केले. सामान्य तापमानाच्या उष्णतेला परवडणारी पुडी साधारण सेकंदाला 6 लाख कोटी कंपनांच्या लाटेची असते. शिशातील सर्वांत जलद लाट जेमतेम 2 लाख कोटींची; म्हणून शिशात सर्व लाटा जाग्या असतात आणि ड्यूलाँ-पेटींचा नियम पाळला जातो. हिऱ्याची श्रेणी 40 लाख कोटींपर्यंत पोहोचते, म्हणून तेथील बऱ्याचशा लाटा झोपलेल्या. नेर्न्स्ट यांना थंड पदार्थांत दिसलेली मंद कंपने म्हणजे वक्ररेषेच्या तळाशी असलेल्या लांब ध्वनिलहरी. त्या कोणत्याही तापमानाला पूर्णपणे निजत नाहीत.

उष्णतेचे वहनही याच लाटांकडे आहे. हिऱ्यात विजेचे वहन करणारे मोकळे इलेक्ट्रॉन नाहीत. तरी तो तांब्याच्या सुमारे पाचपट चांगला उष्णतावाहक आहे, कारण त्याच्या ताठ जालकात लाटा फारसा अडथळा न होता लांबवर जातात. सराफाच्या दुकानात हिऱ्याला टेकवून पाहण्याची जी छोटी पेनासारखी यंत्रे असतात, त्यांतली बरीचशी हीच वाहकता तपासतात. काच तेथे लगेच पकडली जाते. (मॉइसनाइट नावाचा कृत्रिम खडा मात्र उष्णतेचा चांगला वाहक असल्याने अशा यंत्राला सहज फसवतो, हे गिऱ्हाइकांनी ध्यानात ठेवलेले बरे.)

आता मूळ वादाकडे. बॉर्न ज्यूवंशीय असल्यामुळे 1933 साली नाझी राजवटीत त्यांना ग्योटिंगेनचे अध्यापन सोडावे लागले. 1935 साली रामन यांनीच त्यांना बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत बोलावले आणि त्यांना तेथे कायमचे ठेवून घेण्याचा प्रयत्नही केला. संस्थेतील विरोधामुळे ते जमले नाही. बॉर्न 1936 साली एडिंबरोला गेले. रामन यांनाही पुढच्याच वर्षी संस्थेचे संचालकपद सोडावे लागले. म्हणजे दोघांमध्ये मुळात वैर नव्हते, स्नेहच होता. 1940 च्या दशकात रामन यांनी जालकाच्या कंपनांचा स्वतःचा सिद्धांत मांडला आणि बॉर्न यांचा सिद्धांत मुळापासून चुकीचा असल्याचे जाहीर केले, तेव्हा हे संबंध बिघडले.

रामन यांचा मुख्य आक्षेप एका गणिती युक्तीवर होता. बॉर्न आणि फॉन कार्मान यांनी हिशेब सोपा व्हावा म्हणून अणूंच्या साखळीचे शेवटचे टोक पहिल्या टोकाला जोडून कडे केले होते. खऱ्या स्फटिकाला टोके असतात, पृष्ठभाग असतो. कडे केलेला स्फटिक जगात कोठेही नाही, असे रामन यांचे म्हणणे. ते शब्दशः खरेच आहे. पण एक सेंटिमीटरच्या स्फटिकात पृष्ठभागावरचे अणू एकूण अणूंच्या कोटीत एक-दोन इतकेच असतात. इतक्या थोड्या अणूंनी उरलेल्यांच्या वारंवारतांची वाटणी बदलणार नाही, हे वॉल्टर लेडरमन या गणितज्ञाने 1944 साली रीतसर सिद्धही केले. रामन यांचे समाधान झाले नाही.

त्यांचा स्वतःचा सिद्धांत असा: जालकातील शेजारी घटकांची हालचाल एक तर अगदी एकसारखी असेल किंवा अगदी उलट, तिसरा पर्याय नाही. तीन दिशांना प्रत्येकी दोन पर्याय, म्हणून आठ जुळण्या. त्या जुळण्यांत हिऱ्याच्या घटकातील दोन अणूंच्या तिन्ही दिशांच्या हालचाली मोजल्या, संपूर्ण स्फटिक एकदम सरकण्याच्या तीन हालचाली वगळल्या आणि सममितीमुळे समान ठरणाऱ्या वारंवारता एकत्र केल्या, की आठ वेगवेगळ्या वारंवारता उरतात. लाटांच्या भाषेत सांगायचे तर रामन यांनी सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड अशा टोकाच्या लाटा तेवढ्या ठेवल्या आणि मधल्या सर्व लाटांना रजा दिली.

हा निव्वळ हट्ट होता, असे मात्र म्हणता येत नाही. रामन यांच्या हाती प्रयोगाचा पुरावा होता आणि तो बंगळुरूतच मिळाला होता. त्यांचे सहकारी आर. एस. कृष्णन (कोलकात्याचे के. एस. कृष्णन ते वेगळे) यांनी हिऱ्याच्या विखुरलेल्या प्रकाशात मुख्य रेषेखेरीज अत्यंत अंधूक असा दुसरा वर्णपट टिपला. या वर्णपटात प्रकाश एकाच वेळी दोन फोनॉनशी देवघेव करतो. मुख्य रेषेत प्रकाशाला फक्त लांबच लांब लाटा भेटतात, कारण त्याची स्वतःची तरंगलांबी अणूंमधील अंतराच्या हजारोपट असते. दोन फोनॉन मात्र एकमेकांविरुद्ध दिशांना जाणारे असले तर कितीही आखूड असू शकतात, म्हणून या अंधूक वर्णपटात साऱ्या स्फटिकाची कंपने डोकावतात. बॉर्न यांच्या अखंड श्रेणीप्रमाणे तेथे सलग पट्टा दिसायला हवा होता. कृष्णन यांच्या छायाचित्रांत तीक्ष्ण शिखरे होती. रामन यांना वाटले, प्रश्न मिटला.

शिखरे खरी होती. अर्थ चुकला होता. घराच्या ओसरीवरील झोपाळ्याचे अवचित क्षणी शंभर फोटो काढले, तर त्यांतील बरेच झोपाळा दोन्ही टोकांजवळ असतानाचे निघतील, कारण वळण्याच्या जागी तो रेंगाळतो. त्यावरून झोपाळा फक्त दोन टोकांवरच असतो, असे कोणी म्हणणार नाही. वक्ररेषा आडवी होते त्या जागी लाटांचे असेच होते. वेगवेगळ्या लांबीच्या पुष्कळ लाटा जवळपास त्याच वारंवारतेवर गर्दी करतात आणि वर्णपटात शिखर उभे राहते. एडिंबरोत बॉर्न यांच्या विद्यार्थिनी हेलन स्मिथ यांनी 1948 साली हिऱ्यासाठी हे सविस्तर गणित केले, आणि अखंड श्रेणीतूनही तीक्ष्ण शिखरे निघतात हे दाखवले. 1953 साली लेऑन व्हान होव्ह यांनी सिद्ध केले, की अशा गर्दीच्या जागा कोणत्याही स्फटिकाच्या श्रेणीत अटळच आहेत. रामन यांच्या आठ वारंवारता याच गर्दीच्या जागांपैकी आहेत. त्यांनी पाहिलेली ठिकाणे बरोबर होती. त्यांना जोडणारा रस्ता त्यांनी नाकारला.

पण गणिताने सुटणारे हे भांडण नव्हते, कारण भांडण गणिताच्या गृहीतकांवरच होते. मधल्या लाटा प्रत्यक्ष दाखवणे हाच मार्ग होता, आणि प्रकाश त्या कामी अपुरा होता. क्ष-किरणांची तरंगलांबी योग्य आहे, पण त्यांची ऊर्जा फोनॉनच्या लक्षावधीपट. देवघेवीतला फरक त्या काळी मोजताच येत नसे. डोंगर तोलायच्या काट्यावर तांदळाचा दाणा टाकण्यासारखे ते होते. अणुभट्टीतून निघणाऱ्या मंद न्यूट्रॉनच्या बाबतीत मात्र दोन्ही मापे जुळतात. सेकंदाला सुमारे 2,200 मीटर वेगाने जाणाऱ्या न्यूट्रॉनची तरंगलांबी अणूंमधील अंतराइतकी असते आणि ऊर्जा फोनॉनच्या पंक्तीतली. तो स्फटिकात शिरतो, एखादा फोनॉन निर्माण करतो किंवा गिळतो आणि बदललेल्या वेगाने, बदललेल्या दिशेने बाहेर पडतो. वेगातील बदल फोनॉनची वारंवारता सांगतो, दिशेतील आणि वेगातील बदल मिळून तरंगलांबी सांगतात. वक्ररेषेवरचा एकेक बिंदू असा हाती येतो.

कॅनडातील चॉक रिव्हर येथे बर्ट्रम ब्रॉकहाउस यांनी 1950 च्या दशकात हे तंत्र उभे केले. त्यांच्या यंत्राला तीन अक्ष होते: पहिल्यावर ठरावीक वेगाचे न्यूट्रॉन निवडायचे, दुसऱ्यावर नमुना ठेवायचा, तिसऱ्यावर बाहेर पडलेल्या न्यूट्रॉनचा वेग तपासायचा. या कामासाठी त्यांना 1994 साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांच्याबरोबर काम करायला मुंबईच्या अणुऊर्जा केंद्रातून एक तरुण भौतिकशास्त्रज्ञ गेला होता: पी. के. अय्यंगार, पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक आणि अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष. ब्रॉकहाउस आणि अय्यंगार यांनी जर्मेनियमचा स्फटिक निवडला. ट्रान्झिस्टरच्या उद्योगामुळे जर्मेनियमचे मोठे, शुद्ध स्फटिक तेव्हा मिळू लागले होते. तितके मोठे हिरे कोण देणार? आणि जर्मेनियमच्या अणूंची मांडणी तंतोतंत हिऱ्यासारखीच असते.

1958 साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. बिंदू एकामागून एक पडत गेले आणि त्यांतून सलग वक्ररेषा तयार झाल्या. लांब लाटांपासून सीमेपर्यंत, मध्ये कोठेही खंड नाही. रामन यांनी रजा दिलेल्या लाटा सर्व हजर होत्या.

बॉर्न यांच्या बाजूलाही या मोजमापांनी स्वस्थ बसू दिले नाही, हे नमूद करायला हवे. अणू म्हणजे गोळ्या आणि बंध म्हणजे जवळच्या शेजाऱ्यांमधील स्प्रिंग, या साध्या चित्रातून जर्मेनियमच्या वक्ररेषा नेमक्या उतरत नव्हत्या. बले चांगली लांबपर्यंत पोहोचत असल्यासारखी वाटत होती. 1959 साली विल्यम कॉक्रन यांनी याचा उलगडा केला. अणूभोवतीचे इलेक्ट्रॉनचे कवच केंद्रापासून किंचित सरकू शकते, आणि त्या सरकण्यामुळे निर्माण होणारी विद्युतबले दूरवर जाणवतात. लाटांचे मूळ चित्र अबाधित राहिले. लाटांना चालवणाऱ्या बलांविषयीची समज मात्र बदलली.

अय्यंगार परतल्यावर तुर्भ्याला न्यूट्रॉन प्रकीर्णनाचा एक समर्थ गट उभा राहिला. अप्सरा भट्टी 1956 साली आणि सायरस 1960 साली सुरू झाली होती. यंत्रे येथेच बनवली गेली, आणि 1964 साली या विषयावरची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली. 1985 पासून ध्रुव भट्टीवर हे काम चालत आले आहे. या गटातील जी. वेंकटरामन यांनी सहकाऱ्यांसह 1975 साली स्फटिकांच्या गतिविज्ञानावर लिहिलेला ग्रंथ जगभर वापरला गेला. पुढे रामन यांचे सविस्तर चरित्र लिहिले तेही याच वेंकटरामन यांनी. रामन यांच्याविषयी आदर राखून, या प्रकरणात ते चुकले होते, असे या विषयातील अधिकारी माणसाने चरित्रातच लिहून ठेवले. आपल्याकडील चरित्रलेखनात हे विरळाच.

रामन यांनी मात्र आपले मत बदलले नाही. ते 1934 साली त्यांनीच स्थापन केलेल्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकातून लिहीत राहिले. बंगळुरूत त्यांच्या संस्थेत त्यांनी हौसेने जमवलेला हिऱ्यांचा आणि इतर स्फटिकांचा संग्रह होता. भेटायला येणाऱ्यांना ते तो उत्साहाने दाखवत. 1960 च्या दशकात अमेरिका आणि कॅनडातील शास्त्रज्ञांनी खुद्द हिऱ्याच्याच वक्ररेषा न्यूट्रॉनच्या साहाय्याने मोजल्या. त्याही सलग होत्या. 21 नोव्हेंबर 1970 रोजी रामन यांचे निधन झाले. आज पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी हिऱ्याची ही वक्ररेषा काढतो, तेव्हा प्रथम काही खास बिंदू मांडतो आणि मग त्यांना रेषेने जोडतो. रामन यांच्या आठही वारंवारता त्या खास बिंदूंवर सापडतात.